मुक्त जॅझ
जॅझ संगीतातील एक आधुनिक शैली. पूर्वनियोजित कॉर्डक्रम, ठरावीक मात्रांचे आवर्तन आणि चालीचा निश्चित आराखडा यांची बंधने दूर सारून, वादकांनी परस्परांच्या वादनास तत्क्षणी प्रतिसाद देत केलेली स्वरनिर्मिती हे तिचे प्रमुख लक्षण होय. १९६० च्या सुमारास ती अमेरिकेत उदयास आली व त्या दशकातच यूरोपात पसरली. तिच्या यूरोपीय शाखेशी एका मूळच्या मुंबईकर तबलावादकाचा संबंध आला, हे विशेष होय.

जॅझमध्ये उत्स्फूर्त विस्तारास प्रारंभापासून महत्त्व आहे. मात्र तो एका चौकटीत होत असे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट. गीतातील कॉर्डचा क्रम पुन:पुन्हा वाजत राही आणि एकलवादक त्यावर नवी स्वरवाक्ये रची. १९४० नंतर चार्ली पार्कर (१९२०–५५) प्रभृतींच्या बीबॉप शैलीत कॉर्ड इतक्या वेगाने बदलू लागल्या की, वादकाचे सारे कौशल्य त्यांच्याशी जुळवून घेण्यातच खर्ची पडू लागले. या चौकटीतून सुटण्याचे प्रयत्न मुक्त जॅझच्या मुळाशी आहेत. लेनी ट्रिस्टानो या पियानोवादकाने १९४९ मध्येच कोणतीही पूर्वरचना न ठरविता काही ध्वनिमुद्रणे केली होती. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस (१९२६–९१) याने ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत कॉर्ड कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ विस्तार केला. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन (१९३०–२०१५) याने न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यक्रमांत कॉर्डक्रमच वगळला. त्यावरून मोठा वाद माजला. डिसेंबर १९६० मध्ये त्याने दोन चतुष्कांना एकत्र वाजवावयास लावून सु. ३७ मिनिटांचे सलग ध्वनिमुद्रण केले. ‘फ्री जॅझ’ हे त्याचे शीर्षकच पुढे शैलीचे नाव झाले.

पियानोवादक सेसिल टेलर (१९२९–२०१८) आणि सॅक्सोफोनवादक अ‍ॅल्बर्ट आयलर (१९३६–७०) यांनी ठोक्याची नियमितताही सोडली. ड्रमवादक मात्रा मोजण्याऐवजी ध्वनीचे चढउतार निर्माण करू लागला. जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) याला भारतीय संगीताची ओढ होती. १९६१ मधील त्याच्या ‘इंडिया’ या रचनेत दोन डबल बास वाद्यांचा उपयोग तंबोऱ्यासारख्या अखंड आधारस्वरासाठी केलेला आढळतो. १९६५ मध्ये स्वत:सह एकूण अकरा वादकांच्या संचात त्याने ‘असेन्शन’ ही दीर्घ रचना सादर केली. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा हा काळ होता. शिकागोमध्ये १९६५ साली वादकांनी स्वत:ची सहकारी संस्था उभारली, हे त्या जाणिवेचेच एक रूप होय.

भारतीय श्रोत्यास येथे रागसंगीताची आठवण होणे स्वाभाविक आहे. रागसंगीतात कॉर्डक्रम मुळातच नसतो. परंतु रागाचे स्वरनियम, षड्जाचा स्थिर आधार आणि तालाची सम ही बंधने असतात. मुक्त जॅझमध्ये तीही गृहीत नसतात. म्हणून या शैलीस आलापाचे पाश्चात्त्य रूप मानणे यथार्थ ठरत नाही. तथापि तेथे नियमांचा सर्वस्वी अभावही नसतो. चौकटीने सांभाळलेली जबाबदारी तेथे वादकांच्या श्रवणावर येते. सहवादक काय वाजवीत आहे, हे न ऐकणाऱ्याचे वादन केवळ कोलाहल ठरते.

या दोन परंपरांची भेट लंडनमध्ये झाली. जमेकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट (१९२८–७३) याने १९६० मध्ये ‘फ्री फॉर्म’ ही ध्वनिमुद्रिका केली; त्याची वाट कोलमनपेक्षा स्वतंत्र होती. पुढे कलकत्त्यात जन्मलेले रचनाकार जॉन मेयर यांच्यासमवेत त्याने ‘इंडो-जॅझ सूट’ (१९६६) सादर केला. त्यात सतारवादक दिवाण मोतीहार आणि तबलावादक केशव साठे यांचा सहभाग होता. मूळचे मुंबईचे साठे लंडनमध्ये स्थायिक झाले होते. मेयर यांची रचना राग व ताल यांवर आधारलेली आणि बव्हंशी लिखित होती. मुक्ततेचा पुरस्कर्ता हॅरिअट येथे नव्या बंधनात शिरला, असे म्हणता येईल. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा (१९३६–९६) यांच्याबरोबरही त्याने १९६९ मध्ये ‘हम दोनों’ ही ध्वनिमुद्रिका केली.

१९६७ मध्ये जर्मनीत मोतीहार, साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर यांनी स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्सर (१९४१–२०२४), जर्मन ट्रंपेटवादक मानफ्रेट शूफ व इतर मुक्त जॅझवादकांसमवेत ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका केली. डॅन्यूबच्या उगमप्रवाहांपैकी ब्रिगाख नदीचे नाव गंगेशी जोडणारी एक रचना तीत आहे. समेवर परतणारा तबला आणि सम न मानणारा ड्रम यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न या प्रयोगातून पुढे आला.

मुंबईत मात्र ही शैली मुख्य प्रवाह झाली नाही. १९३० नंतर तेथील हॉटेलांत गोमंतकीय वादकांनी जोपासलेले जॅझ प्रामुख्याने नृत्यासाठी होते आणि नृत्यास ठाम ठोका आवश्यक असतो. १९७८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवामुळे आधुनिक जॅझ ऐकण्याची संधी रसिकांना मिळाली. मुक्त जॅझचा श्रोतृवर्ग सर्वत्र मर्यादितच राहिला. परंतु वाद्याच्या प्रत्येक ध्वनीस संगीतात स्थान असू शकते, ही तिची धारणा नंतरच्या जॅझने व समकालीन संगीताने मोठ्या प्रमाणात स्वीकारली.