मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची विकरे: समज काय, वस्तुस्थिती काय

मीठ लावले की जंतू संपले, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. लोणचे, खारा बांगडा, मीठ लावून साठवलेली कातडी या भरवशावरच टिकतात. बहुतेक जंतूंपुरते ते खरेही आहे. मीठ त्यांच्यातले पाणी ओढून घेते. पण खारवलेल्या माशांवर दमट हवेत कधी कधी लालसर गुलाबी थर चढतो, तो मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचाच. मासा नासतो तो त्यांनी सोडलेल्या विकरांमुळे (एन्झाइम). भर मिठात प्रथिने, चरबी, पिष्ट फोडणारी अशी विकरे उद्योगांना हवी आहेत.

हे जीव फक्त मृत समुद्रात राहतात, असेही अनेकांना वाटते. तिथली जीवसृष्टी बेंजामिन एलाझारी व्होल्कानी यांनी १९३६ साली जगापुढे आणली हे खरे. पण असे जीव मिठागरांतही असतात. जून २०२० मध्ये बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीवच आढळले.

सगळ्यात मोठा गैरसमज या सूक्ष्मजीवांना खाऊ घालायच्या कचऱ्याबद्दल आहे: उरलेसुरले काहीही टाकीत ओतावे आणि विकरे काढून घ्यावीत. तसे होत नाही. समोर पिष्ट असेल तर जिवाणू अमायलेज सोडतात, प्रथिने असतील तर प्रोटिएज, तेल असेल तर लायपेज. म्हणून कोंडा आणि बटाट्याच्या साली एका कामाच्या, कोळंबीची डोकी दुसऱ्या, तेलाची पेंड तिसऱ्या. शिवाय आयती साखर भरपूर मिळाली, तर अनेक जिवाणू अमायलेज बनवणेच थांबवतात. मळी ओतून उत्पादन वाढेल, हा हिशेब त्यामुळे फसू शकतो. कचरा त्या जिवाला पचायलाही हवा: स्पेनच्या मिठागरांतला ‘हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनिआय’ हा मीठप्रेमी सूक्ष्मजीव जैवप्लास्टिकसाठी चीजच्या निवळीवर वाढवताना संशोधकांना निवळीतले लॅक्टोज आधी फोडून द्यावे लागले. रोज बदलणाऱ्या हॉटेलच्या खरकट्यापेक्षा एकाच कारखान्याचा, ताजा, एकजिनसी कचरा म्हणूनच कितीतरी मोलाचा.

मिठात इतर जंतू येत नाहीत, म्हणजे खर्च नाही? अर्धे खरे. चीनच्या त्सिंगह्वा विद्यापीठात ग्वो-च्यांग चेन यांच्या गटाने ‘हॅलोमोनास टीडी०१’ हा मीठप्रेमी जिवाणू निर्जंतुक न केलेल्या टाकीत सलग १४ दिवस वाढवला आणि त्यापासून जैवप्लास्टिक मिळवले. वाफेचा आणि इंधनाचा खर्च वाचला, ही मोठीच गोष्ट. पण तेच मीठ पोलादी टाक्या गंजवते, आणि काम झाल्यावर उरलेले खारे पाणी शेतात किंवा नदीत सोडता येत नाही.

या विकरांना मीठ नसले तरी चालते, हेही सरसकट खरे नाही. अतिखाऱ्या पाण्यातल्या जीवांची बहुतेक विकरे मीठ काढताच उलगडतात आणि निकामी होतात. मध्यम मिठात वाढणाऱ्या जिवाणूंची अनेक विकरे कमी-जास्त मिठातही टिकतात, म्हणून उद्योगासाठी तीच पाहावीत. आज बाजारातली बहुतेक औद्योगिक विकरे बॅसिलस जिवाणू आणि अॅस्परजिलस बुरशी यांच्याकडूनच येतात. मीठप्रेमींची पहिली खरी संधी किनाऱ्यावर आहे: समुद्राचे पाणी दाराशी आणि मासळी कारखान्याचा ताजा कचरा हाताशी असेल, तिथे.