सरस-निरस

जुन्या वाटणीपत्रांतून 'सरस-निरस मानाने वाटप' असा एक शब्दप्रयोग वारंवार आढळतो. विहिरीलगतची काळी जमीन आणि ओढ्यापलीकडचा मुरमाड उतार, रस्त्याकडेचे दर्शनी दालन आणि मागल्या चौकातली अंधारी कोठी, यांची केवळ लांबीरुंदी मोजून जो हिस्से पाडील त्याचा हिशेब बिनचूक ठरेल, पण न्याय चुकेल, हे ज्यांना उमगले होते त्यांनी तो शब्द दस्तांत रूढ केला असला पाहिजे. वाटणी क्षेत्राची नसून मोलाची असते हे त्या जोडशब्दाचे मर्म आहे आणि सामाईक मिळकतीविषयीचा आजचा कायदा समजून घेण्यासही तेच उपयोगी पडते.

पुण्यातील एखाद्या पेठेतला वडिलोपार्जित वाडा डोळ्यांसमोर आणावा. थोरला भाऊ तेथे राहतो, धाकटा मुंबईस असतो, तिसरा अमेरिकेत स्थायिक झाला आहे आणि बहीण साताऱ्यास नांदते. थोरल्याचा कब्जा असला तरी वाडा त्याच्या एकट्याचा नव्हे, कारण एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचा कब्जा असतो आणि इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्याखेरीज केवळ दीर्घ वहिवाटीने तो नष्ट होत नाही. बहिणीला साडीचोळी दिली म्हणजे तिचा हिस्सा फिटला, ही समजूतही आता टाकून दिली पाहिजे. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांनी मुलीला जन्मतःच सहदायाद मानले आहे, आणि त्यासाठी 2005 साली पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला आहे.

या चौघांपैकी प्रत्येकाचा हक्क वाड्याच्या अमुक खोलीवर नसून विटेविटेवर आहे. म्हणून एकट्याला विकता येतो तो आपला अविभक्त हिस्सा. माजघर किंवा ओसरी नव्हे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 44 वे कलम अशा खरेदीदाराला विक्रेत्याच्या जागी उभे करते आणि वाटप मागण्याचा अधिकारही देते. मात्र मिळकत अविभक्त कुटुंबाचे राहते घर असेल, तर परक्या खरेदीदाराला कुटुंबीयांबरोबर एकत्र कब्जा मागता येत नाही. साहजिकच असा हिस्सा घेणारा पुढच्या दाव्याची किंमत आधीच वजा करून भाव बोलतो.

सर्वांत सुलभ मार्ग अर्थातच संमतीचा. चौघांनी एकत्र बसून वाटणीपत्र करावे, त्यावर उचित मुद्रांक लावावा आणि दुय्यम निबंधकांसमोर ते नोंदवावे. तोंडी वाटणी पूर्वीच झाली असेल, तर तिचे स्मरणपत्र लिहून ठेवता येते. पण ज्या कागदाने हक्क प्रथमच निर्माण होतात तो कागद 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. ज्याला हिस्सा नको असेल त्याने आपल्या सहहिस्सेदाराच्या लाभात, मोबदला घेऊन किंवा न घेता, हक्कसोडपत्र करून द्यावे. अमेरिकेतील बंधूला प्रत्यक्ष येणे शक्य नसेल, तर तो कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. परंतु परदेशात केलेल्या त्या पत्रावर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यानंतर सातबारावर अथवा मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्यावा. मात्र फेरफाराची नोंद मुख्यतः महसुलापुरती असते, तिने मालकी जन्मासही येत नाही आणि संपतही नाही.

शेतजमिनीची रीत थोडी निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 85 व्या कलमान्वये सहहिस्सेदारांना महसूल अधिकाऱ्यांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. पण मालकीहक्काचाच वाद निघाला, तर दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ते वाटप थांबते. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास आडकाठी करतो, म्हणून अल्प जमिनीच्या अनेक वारसांपुढे एकाने जमीन घ्यावी आणि इतरांनी पैसा घ्यावा, एवढाच व्यवहार्य पर्याय बहुधा उरतो.

संमती साधत नाही तेव्हा वाटपाचा दावा दाखल होतो. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा करून कोणाचा किती हिस्सा हे ठरवते, मग घरासारख्या मिळकतीची पाहणी करण्यास कमिशनर नेमते आणि त्याचा नकाशा व अहवाल पाहून अंतिम हुकूमनामा देते. सारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले जाते. या दोन हुकूमनाम्यांच्या मधल्या पोकळीत कित्येक दावे वर्षानुवर्षे पडून राहत असल्यामुळे, प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पुढील तारीख पक्षकारांच्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयांनी स्वतःच नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बजावले.

पण वाड्याला एकच जिना आणि एकच चौक असेल, तर कमिशनरने रेघ ओढावी कोठे? या प्रश्नाचे उत्तर 1893 चा वाटप कायदा देतो. प्रत्यक्ष विभागणी सोयीची नसेल आणि निम्म्या किंवा अधिक हिश्शाचे धनी तशी विनंती करतील, तर मिळकत विकून पैसा वाटण्याचा आदेश न्यायालयाला देता येतो. विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीस आपण विकत घेतो, असे म्हणण्याची मुभा इतरांना असते. घेऊ इच्छिणारे अनेक असतील, तर त्या मूल्यांकनाहून सर्वाधिक बोली करणाऱ्याला तो मिळतो. राहत्या घराचा हिस्सा घेतलेल्या परक्याने वाटपाचा दावा लावल्यास त्याचा हिस्सा मूल्यांकनाप्रमाणे परत घेण्याची संधीही हाच कायदा कुटुंबीयांना देतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदूच्या प्रथम वर्गातील वारसांना तर 1956 च्या वारसा कायद्याच्या 22 व्या कलमाने सहवारसाचा विकाऊ हिस्सा आधी घेण्याचा अग्रहक्कच दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे 2019 साली स्पष्ट झाले.

गोव्यात हाच विचार पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या वाटेने आला. तेथील वारसांच्या वाटणीत, ज्याला इन्व्हेंटरी म्हणतात त्या कार्यवाहीत, मालमत्तेची यादी आणि मूल्यांकन झाल्यावर वारसांना आपापसांत बोली लावता येते. आपल्या वाट्याहून अधिक मोलाची वस्तू घेणारा फरकाची रक्कम इतरांस रोख देतो. हेही एका अर्थाने सरस-निरसच.

म्हणून वकिलाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी त्या चौघा भावंडांनी एक जाणकार मूल्यनिर्धारक संमतीने नेमावा आणि वाड्याची किंमत कागदावर आणावी, हे बरे. अंक समोर आला म्हणजे कोणाला वास्तू हवी आणि कोणाला तिचे मोल, हे बऱ्याच अंशी आपोआप उलगडते. थोरल्यानेही इतकी वर्षे भरलेल्या घरपट्टीच्या आणि छपराच्या दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण अंतिम हिशेबात असा खर्च न्यायालय विचारात घेऊ शकते. आणि तो एकटा तेथे राहिला, वाड्याच्या काही भागाचे भाडे घेत राहिला, तर त्या भाड्याचा जाबही त्याच हिशेबात इतर तिघे विचारू शकतात.