लॅपटॉपचा हेडसेट बोलत नाही, तेव्हा

आजकाल भिवंडीचा कापडवाला असो की मुरादाबादच्या पितळी मालाचा आडत्या, बाहेरगावच्या गिऱ्हाईकाशी भाव ठरवण्याचे काम पुष्कळदा लॅपटॉपवरच चालते. माल कॅमेऱ्यापुढे धरायचा, नमुना दाखवायचा आणि दर सांगायचा. अशा वेळी हेडसेटने दगा दिला, तर 'सत्तर' सांगितलेले पलीकडे 'सतरा' ऐकू जाते आणि पुढे वाद होतो. घाईघाईने नवा हेडसेट आणणे किंवा लॅपटॉप दुरुस्तीला टाकणे हा यावरचा पहिला इलाज नव्हे. बहुतेक दोष घरच्या घरी, एक पैसाही न घालवता दूर होतात. म्हणून ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, ते आम्ही येथे देत आहोत.

१) दोष कोणात आहे?
प्रथम तोच हेडसेट मोबाईलला किंवा शेजारच्या लॅपटॉपला लावून पाहावा. तेथेही आवाज नसेल तर हेडसेट बिघडला आहे. तेथे नीट चालत असेल, तर दोष आपल्या लॅपटॉपमध्ये किंवा दोघांच्या जोडणीत आहे, असे समजावे.

२) पिन नीट पाहावी.
३.५ मिलिमीटरच्या पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या कड्या असतात. दोन कड्या असतील तर ती पिन फक्त ऐकण्याची आहे. तीन कड्या असतील तर तिच्यात मायक्रोफोनचीही सोय असते. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना एकच भोक असते व त्याला तीन कड्यांची पिन लागते. जुन्या हेडसेटला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना असतात. त्यांपैकी हिरवी ऐकण्याची, गुलाबी बोलण्याची. त्या दोन्ही एका भोकात बसवण्यासाठी जोडवायर मिळते.
तीन कड्यांच्या पिनेतही दोन पद्धती आहेत: सीटीआयए आणि ओएमटीपी. या दोहोंत मायक्रोफोन व अर्थिंग यांच्या जागा उलटसुलट असतात. आजचे लॅपटॉप साधारणपणे पहिल्या पद्धतीचे असतात. हेडसेट दुसऱ्या पद्धतीचा असेल तर आवाज पोकळ, दूरवरून आल्यासारखा येतो; मात्र वायरवरील बटण दाबून धरले की तो नीट होतो. ही खूण ध्यानात ठेवावी. यावर जोडपिन मिळते.
पिन पूर्ण आत गेली नाही तरी असाच पोकळ आवाज येतो. कारखान्यातील सुताची तूस भोकात साचते. लॅपटॉप बंद करून हवेच्या रबरी फुग्याने ती काढावी. सुई किंवा तार मुळीच घालू नये.

३) लॅपटॉपला विचारावे.
विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड' असे जावे. 'आउटपुट' आणि 'इनपुट' या दोन्ही ठिकाणी आपल्या हेडसेटचे नाव निवडलेले हवे. पुष्कळदा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडे किंवा जोडलेल्या टीव्हीकडे जात असतो, आणि आपण हेडसेटला दोष देतो. मायक्रोफोनच्या नावावर गेल्यास तेथे चाचणीची सोयही आहे.
त्यानंतर 'प्रायव्हसी' विभागात 'मायक्रोफोन' उघडावा. तेथील परवानगी बंद असेल तर कितीही ओरडले तरी समोरच्याला ऐकू जाणार नाही. झूम, गूगल मीट यांच्या स्वतःच्या सेटिंग वेगळ्या असतात. तेथेही हेडसेट निवडावा लागतो. वायरवरील आवाज बंद करण्याचे बटण दाबलेले नाही ना, हेही पाहावे.

४) बिनवायरचा हेडसेट
ब्लूटूथ हेडसेटवर एरवी आवाज छान येतो, पण कॉल सुरू होताच तो घोगरा होतो, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. हा बिघाड नव्हे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर उत्तम आवाज फक्त एका दिशेने जातो. हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाला की तो हलक्या दर्जावर उतरतो. उपाय सोपा आहे: 'इनपुट'मध्ये लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडावा आणि ऐकण्यापुरता हेडसेट ठेवावा. यंत्रांच्या खडखडाटात मात्र वायरचा हेडसेटच बरा. हेडसेट त्याच वेळी मोबाईललाही जोडलेला नाही ना, तेही पाहावे.

५) शेवटचे उपाय
वरील सर्व करूनही काम झाले नाही तर लॅपटॉप एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. त्यानंतर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये आवाजाचे यंत्र 'अनइन्स्टॉल' करून पुन्हा सुरू केल्यास विंडोज ते आपोआप बसवते. तरीही भागले नाही, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. भलत्याच ठिकाणचे फुकट ड्रायव्हर घेऊ नयेत. त्यातून हिशेबाच्या फायली धोक्यात येतात.
भोकच तुटले असेल तर मदरबोर्डला हात लावण्याची घाई करू नये. यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट घेतला की त्या भोकाची गरजच उरत नाही.

एवढी काळजी घेऊनही, ठरलेला दर, नग आणि पोहोचवण्याची तारीख कॉल संपताच लेखी संदेशाने कळवावी. आवाज स्वच्छ असला तरी व्यवहार कागदावरच पक्का होतो.