काठ चढणारी मोटार

जलस्थलगामी वाहनांवर लिहावे, अशी संपादकांची सूचना आली आणि दुसऱ्या महायुद्धातील कागदपत्रे चाळताना मन एकाच प्रश्नापाशी थबकले : पाण्यात शिरलेली मोटार पुन्हा काठ चढते तरी कशी?

अमेरिकी फौजेच्या ‘डक’ची दप्तरी हकीकत थोडक्यात सांगता येते. अडीच टनी, सहाचाकी मालमोटारीच्या सांगाड्यावर स्पार्कमन अँड स्टीफन्स या नौकारचनाकारांनी होडीचे अंग चढविले. १९४२ साली ती तयार झाली, जुलै १९४३ मध्ये सिसिलीत मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागली, आणि युद्धकाळात अशा सुमारे २१,००० मोटारी बांधल्या गेल्या.

तिची खरी कसोटी काठाशी. पुढची चाके तळाला टेकतात त्या क्षणी वाहनाचा बराचसा भार पाण्यानेच तोललेला असल्यामुळे चाकांना रेतीत पकड घेण्याइतके वजन लाभत नाही, आणि मागून येणारी लाट त्याला आडवे फिरवू पाहते. म्हणून पाण्यात मोटार पुढे ढकलणारा पंखा आणि सहाही चाके एकदमच चालती ठेवून, सगळा भार जमिनीवर येईपर्यंत इंजिनचा जोर न ढळू देता, चालकाने नाक काठाकडे सरळ धरावयाचे असते. पंखा बुडाच्या खोबणीत दडविलेला असल्याने तो तळाला घासत नाही.

मला मात्र सर्वाधिक मोह पडला तो टायरांचा. चालकाच्या हाताशीच झडप आणि दाबमापक. रेतीवर चढताना हवा चौरस इंचाला सुमारे १० पौंडांपर्यंत उतरविली की टायर उंटाच्या तळव्याप्रमाणे पसरतो, आणि पक्की सडक लागताच पंप ती ४० पौंडांपर्यंत पुन्हा भरतो. हे सारे खाली न उतरता, चालत्या मोटारीतून. ही योजना ज्यांनी आखली त्यांच्या बुद्धीपुढे मी नतमस्तक आहे.

तथापि या बुद्धीलाही मर्यादा पडल्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतील पॉइंट द्यू ऑकच्या कड्याशी लंडनच्या अग्निशामक दलाच्या शिड्या बसविलेल्या डक पोहोचल्या खऱ्या, परंतु बाँबनी पडलेल्या खड्ड्यांनी किनारा इतका विदीर्ण झाला होता की त्यांना कड्याच्या पायथ्यापर्यंत जाताच आले नाही. त्याच दिवशी ओमाहा किनाऱ्यासमोर तोफांच्या भाराने कित्येक डक काठ गाठण्यापूर्वीच बुडाल्या. नदीचा मामला तर आणखी अवघड, कारण तेथे रेतीऐवजी चिखल असतो, आणि चिखलात चाक जितके जोराने फिरावे तितके खोल रुतते. असा उभा, निसरडा काठ आधी फावड्यांनी उतरता करून त्यावर जाळी अंथरल्यावाचून डकसारखी चाकांची मोटार भरवशाने वर चढत नाही.