विश्लेषण : सेव्हिलमध्ये तासाभरात फ्लामेंको, मग आंजर्ल्यात जाखडी का नाही?

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उतरलेल्या पर्यटकाने सकाळी चौकशी केली, तर त्याच दिवशी फ्लामेंको नृत्याच्या पहिल्या धड्याला जागा मिळू शकते. खास बूट नसले तरी चालते, नाच अजिबात येत नसला तरी चालते. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला आलेल्या पर्यटकासाठी कड्यावरचा गणपती आहे, समुद्र आहे, पानात उकडीचे मोदक आहेत आणि हंगामात कासवांची पिल्लेही आहेत. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नाचली जाणारी जाखडी बाहेरच्या माणसाला तासभर शिकवणारी पाटी कोकणात सहसा दिसत नाही. असे का, आणि तशी पाटी लागावी का?

फ्लामेंकोच्या पहिल्या तासात काय शिकवतात?

बहुतेकांना वाटते तसे झालरीचा झगा आणि हातात पंखा यापासून सुरुवात होत नाही. सुरुवात टाळीपासून होते. फ्लामेंकोत टाळी हे स्वतंत्र वाद्यच मानले जाते. तिला ‘पाल्मास’ म्हणतात आणि तिचे दोन प्रकार आहेत : तळवे पोकळ धरून वाजवलेली दबकी टाळी आणि बोटे तळव्यावर आपटून काढलेली खणखणीत टाळी. गायक गात असताना दबकी, पायकाम रंगात आले की खणखणीत. नाचणाऱ्याआधी साथ करणारा तयार व्हावा लागतो, असा त्यामागचा हिशेब.

मग येतो ताल. ‘सोलेआ’ आणि ‘बुलेरिया’ हे फ्लामेंकोचे गाजलेले प्रकार १२ मात्रांचे. आपला एकतालही १२ मात्रांचाच, पण त्यात दोन-दोन मात्रांचे सहा समान विभाग असतात. फ्लामेंकोतले विभाग असमान आहेत. मोबाइल बाजूला ठेवून करून पाहता येईल : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन. प्रत्येक ‘एक’वर टाळी. हे सलग चार वेळा न चुकता जमले, तर पहिल्या धड्यातला अवघड भाग संपला म्हणायचे. गंमत म्हणजे तिथे ही मोजणी बऱ्याचदा १ पासून नव्हे, १२ पासून सुरू होते. समेवर पहिली मात्रा ऐकायची सवय असलेला कान इथे हमखास अडखळतो.

पायाचे आघात त्यानंतर. पूर्ण तळपायाचा, चवड्याचा आणि टाचेचा असे तीन आघात आधी सुटे, मग जोडून. गुडघे किंचित वाकलेले, कंबरेच्या वरचा भाग स्थिर. फ्लामेंकोच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळ्यांची जड असते, म्हणून तो आवाज येतो. नवख्याला साध्या टाचेच्या बुटांवर भागवता येते. तत्कार केलेल्या विद्यार्थिनीला पायांचा त्रास कमी होतो, पण हातांचा होतो. मनगट फिरवताना बोटे एकेक करून मिटायची आणि उघडायची असतात. कथकमध्ये हात जिथे थांबतो, तिथे इथे तो वळतच राहतो.

बऱ्याच ठिकाणी नवख्यांना १२ मात्रांच्या फंदात न पाडता ‘सेव्हियानास’ शिकवतात. जाणकार हा नाच काटेकोर अर्थाने फ्लामेंकोत धरत नाहीत. चार कडव्यांचा, जोडीने करायचा हा नाच सेव्हिलच्या वसंतातल्या जत्रेत आजीपासून नातीपर्यंत सगळे नाचतात. आपल्याकडे मंगळागौरीच्या खेळांना जी जागा, तीच जवळपास त्याला तिथे.

हा कथकच आहे का?

‘फ्लामेंको म्हणजे स्पेनला गेलेला कथक’ हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरत असते. ऐकायला बरे वाटते, पण ते पुरते खरे नाही. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, हे भाषेच्या आणि जनुकीय अभ्यासातून दिसते. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ ची. मात्र आज आपण पाहतो तो कथक त्यानंतर कितीतरी काळाने घडला आणि फ्लामेंकोने आकार घेतला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, अँडालुसियात. त्यात रोमांबरोबर अरबी, ज्यू आणि स्थानिक स्पॅनिश संगीतही मिसळले. नाते आहे, पण दूरच्या चुलत्याचे.

ही वर्गांची बाजारपेठ उभी कशी राहिली?

जाखडीचा प्रश्न समजण्यासाठी हा भाग महत्त्वाचा. ज्या लोकांनी ही कला सांभाळली, त्यांना स्पेनने फार काळ नीट वागवले नाही. १७४९ मध्ये तर राजाच्या हुकमाने देशभरातल्या रोमांना एकाच मोहिमेत पकडून कोंडण्यात आले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात गाणे-नाच असलेल्या कॅफेंमध्ये फ्लामेंकोला पैसे देणारा प्रेक्षक मिळाला आणि त्याच वेळी ‘ही खालच्या लोकांची करमणूक’ हा शिक्काही बसला.

१९२२ मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी ग्रानादात फ्लामेंकोच्या जुन्या, गंभीर गायकीची स्पर्धा भरवली. बाजारू होऊन ही गायकी संपेल, अशी त्यांना भीती होती. म्हणून नावाजलेल्या व्यावसायिक गायकांना स्पर्धेत मज्जावच होता. बक्षीस मिळवणाऱ्यांत दिएगो बेर्मुदेस हा सत्तरी ओलांडलेला, जवळपास विस्मरणात गेलेला गायक होता. पण बाजार काही थांबला नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, विशेषतः १९५० नंतर, सरकारनेच फ्लामेंकोला पर्यटनाच्या जाहिरातीचा चेहरा केले. माद्रिदमध्ये जेवणाबरोबर नाच दाखवणारी ‘ताब्लाओ’ नावाची ठिकाणे याच काळात निघाली. २००६ मध्ये नामवंत नर्तकी क्रिस्तिना ओयोस यांनी सेव्हिलमध्ये फ्लामेंको नृत्याचे संग्रहालय उघडले आणि २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याची चटक लागली ती साधारण याच सुमारास, २०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधून.

म्हणजे तासाभराच्या त्या वर्गामागे दीड शतकाचा व्यवसाय, सरकारी जाहिरात आणि ‘कला कुणाची, पैसा कुणाला’ हा अजून न मिटलेला वाद आहे.

जाखडी म्हणजे काय?

रत्नागिरी जिल्ह्यात आणि शेजारच्या रायगडात गणेशोत्सवात होणारा हा समूहनाच. मधोमध गाणारे आणि मृदंग किंवा ढोलकी, झांज वाजवणारे बसतात. त्यांच्याभोवती रिंगण धरून नाचे फिरतात. एका पायात चाळ बांधायची पद्धत आहे. पाऊल टाकणे, वाकणे, गिरकी घेणे, पुन्हा रिंगणात मिसळणे, आणि हे सगळे लय चढत जाते तसतसे जलद. ‘जाखडी’ या शब्दाचा संबंध काही जण ‘जखडणे’शी लावतात; एकमेकांना साखळीसारखे धरून नाचणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

या नाचाला ‘बाल्या नाच’ असेही म्हणतात आणि या नावातच एक बोच आहे. कोकणातून मुंबईत घरगडी, हमाल, गिरणी कामगार म्हणून गेलेल्या माणसांच्या कानात बाळी असे. शहराने त्यांना ‘बाल्या’ हे सरसकट नाव दिले आणि त्यांच्या नाचालाही तेच चिकटवले. ही कला प्रामुख्याने कुणबी आणि इतर कष्टकरी समाजांनी जपली. म्हणून आज अनेक कलावंत ‘जाखडी’ किंवा ‘शक्ती-तुरा’ हेच नाव पसंत करतात. पाहुण्यानेही तेच वापरावे.

शक्ती-तुरा हा जाखडीचा डोक्याने खेळायचा भाग. शक्तिवाले प्रकृतीचे, देवीचे श्रेष्ठत्व मांडतात. तुरेवाले पुरुषतत्त्वाचे, शिवाचे. गण आणि गौळण झाली की एका बाजूचा शाहीर पुराणातला कूटप्रश्न टाकतो, दुसऱ्याने त्याला गाण्यातून उत्तर द्यायचे. सामना रात्रभर चालतो. शाहिरांची गुरुघराणी आहेत, गाण्यात गुरूचे नाव गुंफायचा रिवाज आहे. शहरातल्या कार्यक्रमात जाखडीची पाच मिनिटांची झलक दाखवतात, तेव्हा नेमका हाच भाग गळतो आणि चकाकत्या कपड्यांतला मनोरा तेवढा उरतो.

मग शिकायचा वर्ग का नाही?

पहिले कारण हंगामाचे. जाखडी भाद्रपदातली. त्या वेळी आंजर्ल्यात पाऊस असतो, समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटक थोडे. पर्यटक येतात ते दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, तेव्हा नाचे गावात नसतात.

ते मुंबईत असतात, हे दुसरे कारण. गावातली तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर असतात आणि गणपतीत चाकरमानी म्हणून परततात. त्यामुळे शक्ती-तुऱ्याचे मोठे सामने मुंबईच्या नाट्यगृहांत होतात. परळचे दामोदर नाट्यगृह हे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे हक्काचे घर होते. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कोकणातल्या लोककलावंतांनाच सर्वांत आधी चटका बसला. कोकणी कलेचे पडदे मुंबईत उघडतात आणि कोकणात पाहुण्याला ती दिसत नाही, असा हा उलटा व्यवहार आहे.

तिसरे कारण शिकण्याच्या पद्धतीचे. वाडीतला मुलगा जाखडी शिकतो तो मोठ्यांच्या मागे रिंगणात घुसून. पहिल्या वर्षी पाऊल चुकते, लोक हसतात, पुढच्या वर्षी कमी चुकते. या शिक्षणाला फी नाही आणि तासही नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने लोककलांना अभ्यासक्रमाची चौकट दिली, राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरेही घेते. पण ती कलावंत घडवण्यासाठी. दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी त्यांची रचना नाही.

अर्थात, वर्ग नाहीत हे सगळेच वाईट नाही. पैशासाठी रोज संध्याकाळी तेच ते नाचावे लागले की काय होते, हे ताब्लाओंनी दाखवून दिले आहे. पण अगदीच दार बंद ठेवले, तर नाचे कमी होत जाताना नवी पावले येणार कुठून, हाही प्रश्न उरतो. स्त्रियांनी हे दार आपल्यापुरते उघडले आहे. पूर्वी पुरुषांचाच असलेल्या या मंचावर आता महिला शाहीर उभ्या राहतात, सामनेही गाजवतात.

आंजर्ल्याला जाणाऱ्याने काय करावे?

जाखडीच पाहायची असेल, तर गणपतीत जावे लागेल. मुंबईहून कोकण रेल्वेने खेड, तिथून रस्त्याने दापोली आणि पुढे सुमारे २०-२५ किलोमीटर आंजर्ले. पण त्या दिवसांत रेल्वेचे आरक्षण मिळणे हेच मोठे दिव्य, आणि घरोघरी पाहुणे असल्याने राहायची सोय आधीच विचारून घ्यायला हवी.

दुसरा मुहूर्त शिमग्याचा, आणि आंजर्ल्यासाठी तो जास्त सोयीचा. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पुढे आंजर्ल्यातही तो होऊ लागला. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले घरट्यातून बाहेर येण्याचा काळ आणि फाल्गुनातला शिमगा बऱ्याचदा एकमेकांवर येतात. शिमग्यात जाखडी नसते. पालखी असते आणि खेळे असतात. काळ्या वेशातला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर आणि त्याच्यासोबत स्त्रीवेशातला नाच्या अंगणात येतात, मृदंग वाजतो, घरचे लोक पोस्त देतात.

इथे पाहुण्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पालखी ही देवाची असते आणि ती खांद्यावर घेण्याचे मान ठरलेले असतात. कुणी बोलावल्याशिवाय मध्ये शिरू नये, व्हिडीओसाठी तर नाहीच. आणि खेळ्यांकडून पावले शिकायची असतील, तर खेळ सुरू असताना विचारण्याऐवजी मुक्काम असलेल्या घरच्या माणसांमार्फत आधी निरोप धाडावा. कलाकारांना ठरवून बोलावले, तर त्यांची बिदागी ठरवून द्यावी. ‘थोडेसे दाखवा ना’ म्हणून फुकट नाचवून घेणे सेव्हिलमध्ये कुणी करत नाही.

मांडणी अवघड नाही. कासवांची पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. मधला अख्खा दिवस पर्यटक मोकळाच असतो. त्यातला एक तास मृदंग वाजवणाऱ्या एखाद्या जुन्या हाताला आणि दोन नाच्यांना दिला, आधी टाळी, मग झांज, मग पाऊल अशा क्रमाने, तर जाखडीची ओळख करून देता येईल. घरगुती मुक्कामाची, जेवणाची आणि पाहुण्यांना शिस्तीत दोरीमागे उभे करण्याची घडी कासवांच्या निमित्ताने गावाने बसवलीच आहे. फक्त बिदागी कुणी ठरवायची, हे मंडळातल्या माणसांनी ठरवावे, पर्यटन कंपनीने नव्हे.