टाळूवरची खपली आणि तेलावर जगणारी बुरशी

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका आजींचा प्रश्न आला आहे. नात दीड महिन्याची. टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरल्या आहेत, थोड्या भुवयांतही उतरल्या आहेत. मालिशीला येणाऱ्या बेन म्हणतात, रोज रात्री दिवेल चोपडा, टोपडं घाला आणि सकाळपर्यंत मुरू द्या. डॉक्टर म्हणतात, फारसं काही करू नका, आपोआप जाईल. सुनेच्या मोबाइलवर एव्हाना ‘क्रेडल कॅप’साठीच्या, म्हणजे याच खपल्यांसाठीच्या, खास क्रीमची जाहिरात येऊन धडकली आहे. आजी विचारतात, ‘‘तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?’’

डॉक्टरांचं ऐका. पण रात्रभर तेल मुरवावं की नाही, हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. त्याचं उत्तर शोधताना एका भारतीय डॉक्टरची गाठ पडते, आणि त्याच्याविषयी लिहायची संधी मी सोडणार नाही.

आधी खपलीचं. बाळ पोटात असताना आईची संप्रेरकं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्वचेतल्या तैलग्रंथींना जाग येते. जन्मानंतरचे काही आठवडे या ग्रंथी भरपूर तेल पाझरत राहतात. पुढे संप्रेरकं ओसरतात, ग्रंथी मंदावतात, त्या थेट वयात येताना पुन्हा जोर धरतात. पहिल्या तीन महिन्यांत खपल्यांचा बहर असतो आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचं डोकं स्वच्छ होतं, ते याच कारणाने. ही खपली संसर्गाची नाही. बाळाला तिचा त्रास नसतो, सहसा खाजही नसते. आणि आईने नीट न्हाऊ घातलं नाही म्हणून ती येते, हा आरोप तर साफ खोटा आहे. बाळंतिणीला अशी बोलणी खावी लागतात हे मला माहीत आहे, म्हणून हे ठासून लिहितो.

आता या तेलावर गुजराण करणाऱ्या पाहुण्याकडे वळू. 1874 मध्ये पॅरिसमधल्या लुई-शार्ल मालासे यांना डोक्यातल्या कोंड्यात सूक्ष्मदर्शकाखाली एका बुरशीच्या पेशी दिसल्या. पुढे तिला त्यांच्याच नावावरून ‘मालासेझिया’ म्हणू लागले. हॅम्बुर्गच्या पाउल उना यांनाही बाटलीच्या आकाराच्या या पेशी दिसल्या होत्या. दिसत सगळ्यांना होत्या, पण प्रयोगशाळेत त्या तगत नव्हत्या. नेहमीच्या माध्यमावर बुरशी वाढेचना, आणि थोडीफार वाढली तरी पुढच्या बशीत गेली की मरून जाई. जंतू वेगळा वाढवून दाखवता येत नाही तोवर त्याच्यावर कसलाच आरोप शाबीत होत नाही, असा वैद्यकाचा दंडक. त्यामुळे ही बुरशी अर्धं शतक नुसती संशयित राहिली.

इथे कलकत्त्याचे डॉ. गणपती पांजा येतात. ते तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगांवर काम करत. 1927 मध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाची मोठी परिषद कलकत्त्यातच भरली, आणि तिच्या अहवालात पांजा यांचा निबंध आहे: त्वचेवरच्या मालासेझिया, त्यांची लागवड, रूप आणि जाती. त्यांनी ही बुरशी पेट्रॉफच्या माध्यमावर वाढवून टिकवली होती. हे माध्यम मुळात क्षयाच्या जंतूंसाठी तयार झालेलं, आणि त्यात अंडं असतं. अंड्याच्या बलकात भरपूर स्निग्ध पदार्थ. बुरशीला हवं ते तिथे आयतं मिळालं!

पांजा एवढ्यावर थांबले नाहीत. डोक्याच्या कोंड्यातली बुरशी आणि अंगावर शिबं उठवणारी बुरशी एकाच कुळातल्या आहेत, असं त्यांनी मांडलं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या पुस्तकांत या दोघी वेगवेगळ्या नावांनी नांदत होत्या. 1980च्या दशकात शास्त्रज्ञांनी अखेर दोन्ही एकाच कुळात घातल्या. मालासे यांचं नाव कुळाला मिळालं, साबुरो या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव बुरशीच्या नेहमीच्या माध्यमाला मिळालं आणि पांजा संदर्भसूचीतल्या एका ओळीत राहिले. आपल्याकडच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्यांना अर्धं पान द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अंड्यातली नेमकी कोणती गोष्ट कामाला आली, हे सिद्ध करायला आणखी 12 वर्षं लागली. ते काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ऱ्होडा बेनहॅम या वनस्पतिशास्त्राच्या विदुषीने केलं. या बुरशीला वाढायला स्निग्ध पदार्थ लागतातच, हे त्यांनी 1939 मध्ये दाखवून दिलं. कारणाचा पुरा उलगडा 2007 मध्ये झाला. कोंड्याशी जोडल्या जाणाऱ्या मालासेझिया ग्लोबोसाचा जनुकसंच वाचला गेला आणि कळलं की मेदाम्लं स्वतः बनवण्याचं यंत्र तिच्याकडे नाहीच. ती आपल्या त्वचेवरच्या तेलाचे तुकडे करते, त्यातला सोयीचा भाग खाते आणि ओलिक आम्लासारखा उरलेला भाग तिथेच टाकते. काहींच्या त्वचेला हे आम्ल झोंबतं आणि पापुद्रे सुटू लागतात. आजही प्रयोगशाळेत या बुरशीच्या कित्येक जाती वाढवायच्या असतील तर माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात.

हे वाचल्यावर बेनच्या सल्ल्याकडे पुन्हा बघा. दिवेल म्हणजे एरंडेल. एरंडेल काय, खोबरेल काय, तिळाचं काय किंवा मोहरीचं काय, सगळी तेलं मेदाम्लांचीच बनलेली. रात्रभर टाळूवर तेल, वरून टोपडं, त्यात बडोद्याचा चाळिशी ओलांडणारा मे महिना. बुरशीला याहून चांगली सोय कोणती?

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ही बुरशी निरोगी बाळांच्या डोक्यावरही असते, त्यामुळे खपलीत तिचा वाटा नेमका किती यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि आपल्या आज्यांना दोष देण्याचं कारण नाही. त्यांच्या पद्धतीत टाळू भरणं हा कामाचा पहिला भाग होता. मागोमाग पायांवर पालथं घेऊन डाळीचं पीठ आणि दूध लावून, ऊन पाण्याने खसखसून न्हाणं होतं. तेल अंगावर राहत नसे. फ्लॅटच्या संसारात तेलाचा भाग टिकला आणि न्हाणं आखडलं. शिवाय टाळू मऊ असते, ती उडताना दिसते म्हणून नवख्या आईचा हात नेमका तिथेच थबकतो, आणि खपलीही नेमकी तिथेच साठते. टाळूखालचं आवरण चांगलं चिवट असतं. बोटांच्या पेरांनी हलकेच चोळल्याने त्याला काही होत नाही. टाळू बुजते ती हाडं वाढल्याने, साधारण एक ते दीड वर्षात. तेल त्यात मुरत नाही आणि तेलाने ती भरतही नाही.

मग करायचं काय? खपली बघवत नसेल तरच काही करायचं. तव्याच्या कडेला बसलेलं तेलाचं कीट आपण कोरडं खरवडत नाही, आधी भिजत घालतो. इथेही तसंच. न्हाऊ घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटं खपल्यांवर थोडं तेल लावावं. बेबी ऑइल म्हणून जे मिळतं ते बहुधा खनिज तेल असतं. त्यात मेदाम्लं नसतात, म्हणून मी ते पसंत करेन. घरचं खोबरेलही चालेल, मोहरीचं नको, ते नाजूक त्वचेला झोंबतं. खपली मऊ झाली की मऊ दातांच्या ब्रशने किंवा मलमलीच्या फडक्याने हलकेच चोळावं. मग बाळाच्या सौम्य शाम्पूने सगळं तेल धुऊन काढावं. निघतील तेवढ्या खपल्या निघू द्या, उरलेल्या पुढच्या वेळी. नखाने उचकटू नका. खाली कोवळी कातडी असते, तिला जखम झाली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. खपलीबरोबर थोडं जावळ हातात आलं तर घाबरू नका, ते परत येतं.

क्रीमच्या जाहिरातीबद्दल आता. 2019 मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या जगभरच्या चाचण्या गोळा केल्या. निकषांत बसणाऱ्या सापडल्या सहा, आणि सगळी मिळून बाळं 310. त्यातून निघालेला पुरावा इतका कच्चा की कोणताही उपाय खात्रीने कामाचा आहे असं म्हणता आलं नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाचा एके काळी फार गाजावाजा झाला होता, त्याचाही ठोस फायदा दिसला नाही. आपोआप जाणाऱ्या दुखण्यावर प्रत्येक बाटली गुणकारी ठरते, कारण महिन्याभराने खपली जाते आणि श्रेय बाटलीला मिळतं. मला खरी धास्ती वाटते ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांची. ती बाळाच्या त्वचेला स्वतःच्या मनाने कधीही लावू नयेत. सॅलिसिलिक आम्ल असलेले मोठ्यांचे कोंड्याचे शाम्पूही नकोत, ते आम्ल बाळाच्या पातळ त्वचेतून रक्तात उतरतं.

खपल्यांखाली लाली वाढली, पाणी सुटलं, वास येऊ लागला, बाळ खाजेने झोपेना, पुरळ अंगभर पसरलं किंवा डोक्यावर रक्ताळ ठिपके दिसले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा. वर्ष उलटूनही खपली हटली नाही तरी दाखवा.

शेवटी एक विनंती, आजींना नव्हे, डॉक्टरांना. तेल लावून धुणं, तेल लावून तसंच ठेवणं आणि काहीच न करणं या तिन्हींत फरक काय पडतो, हे चांगल्या मोठ्या चाचणीत तपासून बघायला हवं. कॉक्रेनच्या अभ्यासकांनीही तेलासारख्या नेहमीच्या उपायांवर संशोधन व्हावं असं म्हटलं आहे. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. तेलाची बाटली, वजनकाट्याजवळ ठेवलेली एक नोंदवही आणि तीन महिने लसीकरणाला येणारी बाळं एवढं पुरेल. बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोग आणि त्वचारोग विभागांनी मिळून हे काम जरूर हाती घ्यावं.