लाल लुगडे, हिरवे भात

कोलाडजवळ कुंडलिका नदीला उन्हाळ्यातही पाणी असते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून या नदीत येते. एका उन्हाळ्यात नदीकाठच्या हिरव्यागार भातात लाल लुगडे नेसलेल्या एक बाई काम करताना दिसल्या. आम्ही त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घेतले. ‘फोटो पाठवा हं,’ त्या म्हणाल्या. पण प्रिंट हाती आला तेव्हा त्यात बाईच शोधाव्या लागल्या! तो पाठवायची आम्हांला लाज वाटली. असे का झाले?

आपले डोळे लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखतात. कृष्णधवल फिल्म मात्र प्रकाश किती आला एवढेच नोंदवते. लुगडे आणि भात यांच्याकडून जवळजवळ सारखाच प्रकाश आला, म्हणून दोन्ही एकाच करड्या छटेचे झाले. निळ्या प्रकाशाला फिल्म जास्त संवेदनशील असते, म्हणून आकाश कोरे पांढरे उमटले.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जास्वंदीचे फूल पानांसह घ्या व जिलेटिनच्या लाल कागदातून पाहा. फूल उजळ आणि पाने काळपट दिसतील. हिरव्या कागदातून पाहिल्यास नेमके उलटे होईल. भिंगापुढे हिरवा फिल्टर लावला असता तर भात उजळ आणि लुगडे गडद आले असते. तो निळा प्रकाशही अडवतो, त्यामुळे आकाशालाही थोडी छटा आली असती. डिजिटल कॅमेऱ्यात तिन्ही रंगांची नोंद होत असल्याने हे प्रमाण नंतरही बदलता येते.

दुसरी चूक फोकसची. पुढची रोपे, बाई आणि मागचे डोंगर सारखेच स्पष्ट आले, त्यामुळे नजर कोठेच ठरेना. छिद्र लहान असले की दूरचे आणि जवळचे एकदमच स्पष्ट येते. चष्मा लावणाऱ्या विद्यार्थ्याला चष्मा काढून, कार्डाला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून फळ्याकडे पाहायला सांगा. अक्षरे बरीच स्पष्ट होतील. कारण तेच.

३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग आहे आणि बाई ५ मीटरवर आहेत असे समजू. एफ/१६ या छिद्राला सुमारे अडीच मीटरपासून थेट डोंगरांपर्यंत सगळे स्पष्ट येते. एफ/४ ला मात्र सुमारे ४ ते साडेसहा मीटर एवढाच पट्टा स्पष्ट राहतो आणि डोंगर पुसट होतात. पण आता प्रकाश १६ पट येतो. म्हणून १/१२५ सेकंदाऐवजी १/२००० सेकंद हवा. जुन्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांत इतका वेगवान शटर नसतो. येथेही फिल्टर उपयोगी पडतो. हिरव्या फिल्टरने पाऊण प्रकाश अडवला, तर १/५०० सेकंद पुरतो.

तिसरा उपाय बिनखर्चाचा आहे. डोळे किलकिले करून दृश्य पाहावे. रंग आणि बारकावे मागे पडतात, उजळ आणि गडद भाग तेवढे उरतात. जे वेगळे दिसत नाही ते प्रिंटमध्येही वेगळे दिसणार नाही. मग आपणच जागा बदलावी.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा तेथे गेलो. या वेळी फिल्टर नव्हता. बांधावर चार पावले सरकलो, तेव्हा बाईंच्या मागे भाताऐवजी उन्हात चमकणारे नदीचे पाणी आले. बाई चौकटीच्या एका बाजूला ठेवल्या, म्हणजे बांधाची रेषा त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचली. फोकस त्यांच्यावर, छिद्र एफ/४.

तो प्रिंट मात्र आम्ही लगेच पाठवला.